न टेकलेला पाय

सिग्नलला मोटरसायकल थांबली की माणूस पाय खाली ठेवतो. त्यासाठीच देवाने पाय दिलेत, असं माझं अजूनही मत आहे. काका ठेवत नसत. कोलकात्याच्या व्हीआयपी रोडवर लाल दिवा लागला की ते फूटरेस्टवर ताठ उभे राहायचे, हँडल एका अंगाला वळवायचे, ब्रेकवर दोन बोटं, आणि गाडी जागच्या जागी उभी. मागून बसवाला हॉर्न मारून जीव काढतोय, शेजारचा टॅक्सीवाला मान बाहेर काढून "दादा, पोडे जाबेन तो", पडाल ना, म्हणून काळजी करतोय, आणि आमचे काका, केंद्र सरकारचे अधिकारी, निवृत्तीला आलेले, आरामात समोरच्या साडीच्या दुकानाच्या पाट्या वाचताहेत. दिवा हिरवा झाला की निघाले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडेही तेच. गाडीवरून न उतरता, पाय न ठेवता, मातीच्या भाँडमधला चहा संपवून ते भाँड नेमकं बादलीत टाकायचे. बघायला माणसं जमायची, आणि जमलेली त्यांना आवडायची, हे मला फार उशिरा कळलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला. सॉल्ट लेकमध्ये भाड्याने घेतलेला हॉल, बाहेर पाच-सहा पायऱ्या. आम्ही बायका वाणाच्या पिशव्या भरत बसलेल्या, आणि एकदम फटफट आवाज करत एक मोटरसायकल पायऱ्या चढून दारात आली. वर काका. त्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये काकूंनी केलेल्या तिळाच्या वड्या. एकही वडी मोडली नव्हती. बाकीच्या बायका "अगं बाई" करत मागे सरकल्या आणि मी पुढे गेले. मी साताऱ्याची. वडिलांची जुनी गाडी कॉलेजात असताना यवतेश्वरच्या घाटात पळवलेली मी, लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरून शेवटी न्यू टाउनमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसलेली. मी काकांना विचारलं, हे कुठे शिकलात? ते म्हणाले, "शिकायचंय का? मग नखं काप आणि रविवारी ये."

नखांचं काय ते आजतागायत कळलं नाही. पण मी कापली आणि गेले.

ते डमडमला राहायचे, तळमजल्यावर. मुद्दाम तळमजला, कारण गाडी हॉलमध्ये असायची. एका भिंतीला देवघर, दुसऱ्या भिंतीला गाडी, मध्ये जेवणाचं टेबल. काकूंच्या उदबत्तीला कायम पेट्रोलचा वास मारायचा. काकू म्हणायच्या, माझी सवत निदान बोलत तरी नाही. त्या हसून म्हणायच्या, पण त्या घरात दुसरी कुठलीही गोष्ट काकांच्या मर्जीशिवाय हललेली मी पाहिली नाही. टीव्हीवर काय लागेल, आमटीत गूळ किती, पंखा कितीवर, सगळं तेच ठरवत.

काका मला शिकवत होते तो खेळ ट्रायल्सचा, आणि ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. हे मला माझ्या सासूबाईंना दर वेळी नव्याने सांगावं लागायचं. इथे घाई कुणालाच नसते. दगड, ओंडके, चिखल, खड्डे अशी एक अवघड वाट दोन बाजूंनी फीत लावून आखतात, तिला सेक्शन म्हणतात. त्यातून गाडी हळूहळू, तोल सांभाळत न्यायची. पाय जमिनीला लागला की एक गुण, पडलात किंवा थांबलात की पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. प्रत्येक सेक्शनमध्ये एक ऑब्झर्व्हर उभा असतो. तुम्ही बाहेर पडलात की तो हात वर करतो. बंद मूठ म्हणजे पाय लागला नाही, एक बोट म्हणजे एकदा लागला. तो दाखवेल तेच खरं. तिथे कॅमेरे नसतात, अपील नसतं. सगळा खेळ त्या एका माणसाच्या डोळ्यांवर आणि शब्दावर चालतो.

सराव न्यू टाउनच्या मोकळ्या प्लॉटवर. तिकडे तेव्हा बांधकामांमधून उरलेली जागा बरीच होती. फुटके सिमेंटचे पाइप, विटांच्या तुकड्यांचे ढीग, ज्याला इथे राबिश म्हणतात, आणि कडेला शेवाळलेलं एक तळं. काका आधी मला ती सगळी वाट अनवाणी चालायला लावायचे. विटा टोचायच्या, मी कुरकुर करायचे. ते म्हणायचे, तुझ्या पायाला जे कळत नाही ते चाकाला काय कळणार? मग घरी गेल्यावर एका पायावर उभं राहायचं, कुकरच्या शिट्या होईपर्यंत. माझी मुलगी मला बघून खो-खो हसायची.

आणि चुना. हा त्यांचा खास शोध. पानवाल्याकडून चुना आणून तो पातळ करायचा आणि माझ्या बुटांच्या चवड्याला, टाचेला फासायचा. सेक्शन संपला की काका कंबरेवर हात ठेवून सगळी वाट तपासत फिरायचे. पाय लागला असेल तर मातीवर पांढरा डाग. सुरुवातीला माझी वाट रांगोळी घातल्यासारखी दिसायची. मी म्हणायचे, काका, लागला तेव्हा मी सांगितलं असतंच की. ते म्हणायचे, "माणूस सांगतो ते त्याच्या सोयीने. चुना सोय बघत नाही." मला हे वाक्य तेव्हा इतकं आवडलं की मी ऑफिसातसुद्धा दोघा-चौघांना ऐकवलं होतं.

माणूस सरळ, अशी त्यांची ख्याती होती. मंडळात तर होतीच. त्याचे किस्से सांगितले जात. गणपतीत चित्रकलेच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून बसवलं तर त्यांनी स्वतःच्या मुलीचं चित्र बाद केलं. का, तर तिने कागदाच्या कडेबाहेर रंग नेला होता. तसा तो सगळ्यांनीच नेला होता. ऑफिसातल्या एका मराठी कारकुनाची रजा त्यांनी अडवली, त्याच आठवड्यात बंगाल्यांच्या, बिहाऱ्यांच्या रजा मुकाट्याने मंजूर केल्या. विचारलं तर म्हणायचे, घरचा म्हणून सोडलं असं कुणी म्हणता कामा नये. लोक माना डोलवायचे. असा माणूस आता मिळत नाही म्हणायचे. त्या कारकुनाचं काय झालं ते कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. मुलगी कॅनडात असते, फोन काकूंच्या मोबाइलवर करते आणि काका बाहेर गेलेत याची खात्री करून करते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मला शाळेत पाठ होती. ती समजायला मला कोलकात्याला यावं लागलं.

पण शिकवलं त्यांनी, हे कबूल. असं शिकवलं की मला माझ्या अंगाचा नव्याने पत्ता लागला. दोन हिवाळे गेले आणि माझ्या वाटेवर चुना उमटेनासा झाला. त्या वर्षी इथल्या क्लबने ठरवलं की जानेवारीतल्या स्पर्धेत जो पहिला येईल त्याला पुण्याजवळच्या डोंगरात होणाऱ्या देशपातळीवरच्या स्पर्धेला पाठवायचं, गाडीसकट. एकालाच. बायकांचा वेगळा गट वगैरे काही नव्हतं, सगळे एकत्र. सराव करणाऱ्यांत त्या वेळी दोघंच खरे दावेदार होते, मी आणि बारासातचा एक इन्शुरन्स एजंट. भला माणूस. स्वतःच्या डब्यातले नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, संदेश मला द्यायचा आणि वर माझ्या विम्याची चौकशी करायचा.

मी आईला फोनवर सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण तोंडात तीळ भिजला नाही. आईला साताऱ्याहून पुणं म्हणजे उंबरठ्याबाहेरचं अंगण. तिने मला कधी स्पर्धेत पाहिलं नव्हतं. वडील गेल्यापासून ती कुठे जात नसे, पण म्हणाली, "मी येणार. तुझ्या बाबांची फार इच्छा होती गं, तू कुठे तरी गाडी चालवावीस म्हणून." तिने शेजारणीलाही बरोबर यायला तयार केलं. मला तिथे जायचं होतं. बक्षिसाचं मला काही नव्हतं. आईने दोरीच्या पलीकडे उभं राहून मला बघावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

स्पर्धेच्या दिवशी थंडी चांगली होती. बंगाली मंडळी माकडटोप्या घालून आलेली, मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, खात उभी. शेवटचा आणि सगळ्यात अवघड सेक्शन तळ्याच्या काठाचा, राबिशचा चढ आणि मग फुटक्या पाइपवरून उतार. तिथले ऑब्झर्व्हर काका. क्लबच्या सेक्रेटरीने सकाळीच त्यांना विचारलं होतं, हवं तर सेक्शन बदलून घ्या, तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्हालाच अवघड व्हायला नको. सभ्य माणसाने सभ्यपणे विचारलेलं. काका उखडले. माझ्या सख्ख्या मुलीलाही मी कधी सोडलं नाही, म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं. पण आमच्या मंडळाचे अध्यक्षही सहकुटुंब बघायला आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर काकांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय काका, सेक्शनही तुमचा, शिष्याही तुमची. आज मराठी माणसाची मजा आहे बुवा." थट्टाच होती. सगळे हसले. मी काकांकडे बघत होते. त्यांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या सेक्शनपाशी पोचेपर्यंत आम्हा दोघांचे गुण सारखे होते. बारासातचा आधी गेला. उतारावर त्याचा पाय एकदा लागला, काकांनी एक बोट दाखवलं, त्याने हसून मान हलवली. मग मी. सुरुवातीच्या फितीपाशी थांबून मी सवयीने बुटांना चुना लावून घेतला. काकांनीच लावलेली सवय. मग निघाले. चढ गेला. पाइपवर मागचं चाक एकदा घसरलं, गाडी तळ्याकडे कलली, मी उजवा गुडघा बाहेर फेकला आणि अंग उलट्या बाजूला टाकलं, आणि ती सरळ झाली. पाय हवेतच होता. तो माझा पाय आहे, कुठे होता ते मला माहीत आहे. मी बाहेरच्या फितीतून निघाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी वळून पाहिलं तर काकांचा हात वर होता आणि एक बोट उभं होतं.

आधी वाटलं, माझी बघण्यात चूक झाली. गाडी स्टँडला लावून मी परत गेले. सुरुवातीच्या फितीपाशी माझ्या बुटांचे पांढरे ठसे होते. आत एकही नव्हता. ना चढावर, ना पाइपपाशी. मी काकांना म्हटलं, चला, बघा. ते हलले नाहीत. समोर बघत म्हणाले, "ऑब्झर्व्हरचा निर्णय अंतिम असतो." बारासातचा माझ्यामागे आला होता. तो त्यांना म्हणाला, "दादा, दिदीर पा ठेकेनि. आमि देखेछि." पाय लागला नाही, मी पाहिलंय. ज्याचा फायदा होता तो माणूस हे सांगत होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या खिलाडूवृत्तीचं कौतुक केलं.

त्या सेक्शनचा एक-एक गुण दोघांनाही लागला, म्हणजे बरोबरी. पण नियमाप्रमाणे बरोबरी झाली की ज्याने जास्त सेक्शन पाय न टेकता पार केले तो पुढे, आणि त्यात तो होता. तो पुण्याला गेला.

आईला फोन केला. सगळं सांगितलं, चुन्याचंसुद्धा.  ती म्हणाली, "अगं, पण ते तर तुमच्यातलेच ना? आपल्या माणसाने लागला म्हटलं म्हणजे लागलाच असेल. आपलं माणूस कशाला खोटं सांगेल?" मी फोन ठेवला. तेव्हा मला काकांची सगळी हुशारी कळली. परक्याने बोट दाखवलं असतं तर निदान कुणी तरी शंका घेतली असती. आपल्या माणसाने दाखवल्यावर शंकेला जागाच नाही. नवरा म्हणाला, सोड ना, खेळच आहे. मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

त्याच आठवड्यात काका आमच्या घरी आले. मी चहा ठेवला नाही. आमच्या घरी आलेल्या माणसाला मी चहा विचारला नाही अशी ती आयुष्यातली एकच वेळ असेल. ते सोफ्याच्या कडेवर बसले, हेल्मेट मांडीवर. मी सरळ विचारलं, काका, टेकला होता का?

"नव्हता," ते म्हणाले.

मला वाटलं होतं की ते काही तरी लपवतील, डोळ्यांत धूळ गेली म्हणतील. त्यांनी सरळ सांगितलं. वर म्हणाले, "मी मूठ दाखवली असती तर सगळे म्हणाले असते, मराठ्याने मराठ्याला दिलं. माझ्या आजवरच्या सगळ्या सरळपणावर पाणी पडलं असतं. तू काय, आपलीच आहेस. तू समजून घेशील."

मी म्हटलं, अजून नावं पुढे गेलेली नाहीत, सेक्रेटरीला एक फोन करा. मी अक्षरशः हात जोडले. मला त्याची लाज वाटत नाही, मला ते हवं होतं. ते म्हणाले, आता बदललं तर अजूनच वाईट दिसेल. आणि पुढच्या वर्षी आहेच की.

पुढच्या वर्षी त्या प्लॉटवर पत्र्याचं कुंपण लागलं. आता तिथे वीस-बावीस मजली इमारत आहे. स्पर्धा बंद पडली, क्लबचे लोक पांगले. आईचे गुडघे गेले, ती आता जिना उतरत नाही. मी गाडी विकून टाकली. मनात राग नाही वगैरे लोक म्हणतात, तसलं काही मी म्हणणार नाही. राग आहे. मला तोल सांभाळायला ज्याने शिकवलं त्याच्याबद्दल आहे, म्हणून तो जास्त आहे.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले आणि नाशिकला जायला निघाले. मंडळाने निरोप समारंभ ठेवला. मी जाणार नव्हते. काकूंचा फोन आला, "माझ्यासाठी ये," म्हणून गेले. तोच पायऱ्यांचा हॉल. काका खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ. भाषणं झाली. सिग्नलचे किस्से झाले, मुलीच्या चित्राचा झाला. मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, सरळपणा म्हणजे काय हे आम्ही त्या दिवशी तळ्याकाठी डोळ्यांनी पाहिलं, या माणसाने स्वतःच्या पट्टशिष्येलाही एका गुणाची सूट दिली नाही. टाळ्या. आणि ती शिष्या आज इथे आहे, म्हणाले, तिने दोन शब्द बोलावेत.

मी उठले. काय बोलायचं हे ठरवून आले नव्हते. माइक हातात घेतला आणि म्हटलं, "माझा पाय टेकला नव्हता. हे काकांना माहीत आहे. त्यांनी माझ्या घरी येऊन मला तसं सांगितलंय."

 मागून कुणी तरी हसलं, आणि मग सगळेच हसले, प्रेमाने, एखाद्या हट्टी पोरीला हसावं तसे. अध्यक्ष म्हणाले, शिष्या कुणाची आहे, पाय टेकलाय हे मान्य करेल होय! मी हसले नाही. मी काकांकडे बघत उभी राहिले, तेव्हा हळूहळू सगळेच त्यांच्याकडे बघायला लागले. आता त्यांचं काही जाणार नव्हतं. नोकरी संपली होती, क्लब संपला होता, परवाची नाशिकची रेल्वे होती. एका शब्दाचं काम होतं.

त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, माझ्याकडे पाहून मायेने हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टेकला होता."

टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मात्र वाजवल्या नाहीत.